घाट उतरतानाच ट्रेलरचे ब्रेक 'फेल' का होतात?

२६ जुलै २०२५ रोजी मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर खोपोलीजवळच्या उतारावर एका कंटेनर ट्रेलरने सुमारे २० गाड्यांना धडक दिली. एका महिलेचा जीव गेला. कारण नेहमीचंच सांगितलं गेलं: ब्रेक फेल.

पण ब्रेक बहुतेकदा एका क्षणात जात नाहीत. खालच्या गिअरमध्ये असलेलं इंजिनच उतारावर गाडी रोखून धरतं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली, की सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते. काही जण तर इंजिनच बंद करतात! मग कॉम्प्रेसर थांबतो आणि एअर ब्रेकची वापरलेली हवा पुन्हा भरत नाही.

एवढं करून डिझेल तरी वाचतं का? गिअरमध्ये असताना एक्सिलरेटरवरून पाय काढला, की आजची इंजिनं उतारावर डिझेल घेणंच थांबवतात. न्यूट्रलमध्ये मात्र ते जळतच राहतं.