वाचलेल्यांचे वार्धक्य

सार्वजनिक आरोग्याच्या मोहिमेचे यश वाचलेल्या जिवांच्या संख्येवरून मोजले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु वाचलेली माणसे पुढे म्हातारी होतात, हे ध्यानात घेऊन तरतूद करण्याची दृष्टी आपल्या नियोजनात क्वचितच आढळते. एचआयव्हीच्या बाबतीत ही उणीव आता जाणवू लागली आहे.

भारतात या विषाणूची लागण प्रथम १९८६ साली चेन्नईत उघडकीस आली. १९९६ च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत अनेक औषधांच्या एकत्रित उपचारांनी मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. २००१ मध्ये ‘सिप्ला’ने असा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केला, आणि १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह अधिक प्रादुर्भावाच्या राज्यांत सरकारी रुग्णालयांतून ही औषधे मोफत मिळू लागली. त्या वेळी तिशी-पस्तिशीत असलेला रुग्ण आज पन्नाशीपलीकडे गेला आहे. ज्याची आशा घरच्यांनी सोडली होती तो संसारात परतला, ही या धोरणाची मोठी फलश्रुती होय.

मात्र रक्तातील विषाणू आटोक्यात आला म्हणजे मेंदूही सुरक्षित राहिला, असे समजणे घाईचे ठरेल. लागण झाल्यावर अल्पावधीतच हा विषाणू मेंदूत शिरतो. तेथील संरक्षक पेशींत तो ठाण मांडतो, आणि त्यातून उद्भवणारा दीर्घकालीन दाह चेतापेशींना इजा करतो. पूर्वीचा तीव्र स्मृतिभ्रंश औषधांमुळे विरळ झाला. त्याची जागा सौम्य विकारांनी घेतली. विचार मंदावतो, लक्ष लागत नाही, नेहमीची कामे विसरली जातात. उतारवयातील रक्तदाब व मधुमेह त्यात भर घालतात. हातापायांची आग आणि बधिरता विषाणूमुळे होतेच; शिवाय आरंभीच्या वर्षांत स्वस्त म्हणून सर्रास दिले गेलेले स्टॅव्हुडीन हे औषधही मज्जातंतूंना अपायकारक ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली.

खरा पेच येथेच आहे. हे उपचार रोज, न चुकता, जन्मभर घ्यावयाचे असतात. म्हणजे त्यांची सारी भिस्त स्मरणावर. ते स्मरणच डळमळले की गोळ्या चुकतात, विषाणू पुन्हा उसळतो आणि पहिल्या औषधांना दाद देईनासा होतो. मग अधिक महाग औषधांचा भार तिजोरीवर पडतो. घरचा भार तर कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. रुग्णासोबत केंद्रावर जाणाऱ्या मुलाचा रोजगार बुडतो, त्याची नोंद कोठेही होत नाही. पतीची शुश्रूषा करून त्याच रोगासह एकाकी उरलेल्या विधवेला तर सोबतीला येणारेही कोणी नसते.

सरकारपुढे इतर निकडीचे प्रश्न असताना या थोड्यांसाठी वेगळा खर्च कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. पण आरंभीचा उपाय खर्चिक नाही. उपचार केंद्रावर पन्नाशीपुढील रुग्णाच्या स्मरणाची, चालीची व पायांच्या संवेदनेची वर्षातून एकदा साधी तपासणी व्हावी. रक्तदाब व साखर तेथेच पाहिली जावी. प्रत्येक विसराळूपणा विषाणूमुळेच येतो असे नाही. त्यामागे नैराश्य किंवा जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते, आणि त्यांवर इलाज आहे. उलट, वृद्धांना ‘वयाचा परिणाम’ म्हणून घरी धाडण्याआधी रक्तचाचणीचा विचार व्हावयास हवा. कारण लागण उशिरा कळली तर क्षयाचा किंवा बुरशीचा मेंदूज्वर जिवावर बेततो.

कायद्याची बाजू लंगडी नाही. २०१७ च्या कायद्याने या रुग्णांविरुद्ध भेदभावास मनाई केली. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश आहे. परंतु दाखले जमवणे आणि कचेरीच्या खेपा घालणे ज्याला धडपणे आठवत नाही त्याच्याकडूनच अपेक्षिणे, हा मदतीचा निव्वळ देखावा होतो. उपचार केंद्रानेच अशा रुग्णाचे कागद पुढे पाठवले, तर ही अडचण बरीचशी दूर होईल.

समाजाने या माणसांना मृत्यूच्या दारातून परत आणले. त्यांचे वार्धक्य सुसह्य करणे, हा त्याच कर्तव्याचा उरलेला भाग आहे.