पहिलटकरणीच्या कळा

पहिलटकरणीला नववा महिना सरत आला, की पोटात जरा दुखताच घरातील सर्वांचा जीव खालीवर होतो. कळा खऱ्या की खोट्या, हे ओळखावे कसे?

खोट्या कळांना नियम नसतो. कूस बदलली, थोडे चालले अथवा विश्रांती घेतली, की त्या बहुधा ओसरतात. खरी कळ थांबत नाही. ती पुष्कळदा कमरेतून निघून पोटाकडे येते व पोट कठीण होते. अशा वेळी घड्याळ समोर ठेवावे. कळा ५ मिनिटांच्या अंतराने येऊ लागल्या, प्रत्येक कळ सुमारे १ मिनिट टिकली व असे तासभर चालले, म्हणजे दवाखान्यात जावे. दवाखाना लांब असल्यास याहून आधीच निघावे. रक्ताची छटा असलेला चिकट स्राव दिसला, तर प्रसूती जवळ आली असे समजावे. मात्र कळा सुरू होण्यास कधी एकदोन दिवसही लागतात.

परंतु पाणमोट फुटली, रक्त वाहू लागले, बाळाची हालचाल मंदावली, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा ३७ आठवडे भरण्यापूर्वीच कळा आल्या, तर घड्याळ पाहत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आयांनो, सासूबाईंनो, लेकीसुना संकोचाने दुखणे लपवतात. त्यांना आपुलकीने विचारा. खोट्या कळांपायी एखादा हेलपाटा पडला, तर त्यात लाज कसली? झालेला उशीर मात्र भरून काढता येत नाही.