तोरण्यांना १९१२मधून बाहेर काढा

दरवर्षी मे महिना आला की मराठीत एक ठरलेलं भांडण होतं. ३ मेला ‘राजा हरिश्चंद्र’ची आठवण निघते आणि दादासाहेब फाळक्यांना ‘भारतीय चित्रपटाचे जनक’ म्हणून हार घातले जातात. मग १८ मे उजाडायच्या आत कोणीतरी विचारतं, “आणि दादासाहेब तोरणे कोण?” पुढचे संवाद दोन्ही पक्षांना पाठ आहेत. एक म्हणतो, ‘श्री पुंडलिक’ वर्षभर आधी आला. दुसरा म्हणतो, ते तर नाटकाचं चित्रीकरण होतं, कॅमेरा गोऱ्याने चालवला, फिल्म लंडनला धुतली. २०१३ साली सरकारने शंभर वर्षं साजरी केली तेव्हा हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंतही गेलं.

माझं म्हणणं असं आहे की या भांडणात सगळ्यात जास्त नुकसान तोरण्यांचंच होतं, आणि ते करण्यात त्यांचे कैवारी आघाडीवर आहेत. जवळपास तीस वर्षं सिनेमाच्या धंद्यात काढलेल्या माणसाला त्यांनी साधारण बावीस मिनिटांच्या एका चित्रपटात कोंडून ठेवलं आहे.

आधी विरोधी पक्षाचे आक्षेप तपासू, कारण ते वाटतात तेवढे भक्कम नाहीत.

‘नाटकाचं चित्रीकरण’ हा पहिला आक्षेप. रामराव कीर्तिकरांचं नाटक, श्रीपाद संगीत मंडळीचे नट, आणि मुंबईतल्या मंगळदास वाडीत लावलेला कॅमेरा, हे खरंच आहे. पण १९०८ साली फ्रान्समध्ये रंगभूमीवरचे नट घेऊन ‘ड्यूक ऑफ गीझचा खून’ हा चित्रपट निघाला. त्याचाही घाट नाटकाचाच होता. जगाच्या सिनेमाच्या इतिहासात त्याला मानाचं पान आहे. तिथे नाटकाशी असलेलं नातं हा इतिहासाचा एक टप्पा ठरतो आणि गिरगावात तेच नातं अपात्रतेचं कारण ठरतं, हे कसं? शिवाय ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळं आज पाहायला मिळतात त्यांतही कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही आणि पात्रं समोर तोंड करून उभी असतात. तेव्हाचा सिनेमा तसाच होता.

दुसरा आक्षेप जॉन्सन नावाच्या कॅमेरावाल्याचा. कॅमेरा चालवणारा परदेशी असला की चित्रपट परदेशी, हा नियम लावायचा तर लावा, पण मग सगळीकडे लावा. हिमांशू राय यांच्या बॉम्बे टॉकीजचे सुरुवातीचे चित्रपट फ्रान्झ ऑस्टेन या जर्मनाने दिग्दर्शित केले आणि जोसेफ विर्शिंग या जर्मनाने टिपले. ‘अछूत कन्या’ भारतीय नाही, असं अजून कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

तिसरा आक्षेप लंडनला फिल्म धुण्याचा. मुंबईत सोय नव्हती, म्हणून पाठवली. फाळक्यांचं मोठेपण नेमकं इथे आहे. १९१२ साली ते स्वतः लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा आणला, फिल्मला छिद्रं पाडण्यापासून धुण्यापर्यंत सगळं शिकून घेतलं आणि दादरच्या राहत्या बंगल्यात कारखाना थाटला. हे काम प्रचंड होतं आणि ते त्यांच्याआधी इथे या पद्धतीने कोणी केलं नव्हतं. हे मान्य करायला तोरण्यांना लहान करावं लागत नाही.

आता तोरण्यांच्या कैवाऱ्यांकडे येऊ. ‘श्री पुंडलिक’ त्यांच्या एकट्याचा होता का? नानासाहेब चित्रे होते, कीर्तिकर होते, टिपणीस होते. काही नोंदींत तर दिग्दर्शक म्हणून टिपणिसांचंच नाव येतं. पडद्यावर श्रेयनामावलीची आजच्यासारखी पद्धत नव्हती, आणि ‘चित्रपट कोणाचा’ याचं ‘दिग्दर्शकाचा’ हे उत्तर जगातच अजून रुळायचं होतं. तोरण्यांनी तुकड्यातुकड्यांत चित्रण करून ते जोडलं, म्हणजे संकलनही केलं, असं त्यांच्या बाजूने सांगितलं जातं. पण चित्रपटाचा एकही फूट शिल्लक नाही. ज्याचा पुरावा पडद्यावर दाखवता येत नाही त्यावर माणसाची सगळी प्रतिष्ठा उभी करणं ही मैत्री नव्हे.

आणि पहिलेपणाला तळ नसतो. १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली होती. कलकत्त्यात हिरालाल सेन विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच क्लासिक थिएटरमधल्या नाटकांचं चित्रीकरण करत होते. बाप शोधायला निघालं की आजोबा सापडतो, त्याच्यामागे पणजोबा. प्रत्येक वेळी ‘पहिला’ या शब्दाची व्याख्या थोडी आवळायची आणि आपला माणूस आत बसवायचा, एवढाच हा खेळ आहे.

या खेळात दिसेनाशी झालेली एक साधी गोष्ट सांगतो. १८ मे १९१२ रोजी ‘श्री पुंडलिक’ आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ हे दोन्ही चित्रपट लागले ते एकाच ठिकाणी, गिरगावात सँडहर्स्ट रोडच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. त्या थिएटरशी नानासाहेब चित्र्यांचा संबंध होता. म्हणजे ज्यांना आपण दोन छावण्या समजतो ती एकाच गल्लीतली, एकाच पडद्यावर आपला माल दाखवणारी माणसं होती. ‘श्री पुंडलिक’ दोन आठवडे चालला. त्याच्या जाहिरातीत, मुंबईतल्या अर्ध्या हिंदूंनी तो पाहिला आहे, उरलेल्या अर्ध्यांनीही पाहावा, अशा अर्थाची फुशारकी होती. खेळाला जोडून परदेशी चित्रपटही होता. सिनेमा हा तेव्हा असा थिएटरवाला, नाटकवाला, जाहिरातवाला आणि वीजवाला यांनी मिळून केलेला उद्योग होता.

तोरणे यांतले वीजवाले. रामचंद्र गोपाळ तोरणे १८९० साली मालवणजवळ जन्मले. वडील लवकर गेले, शाळा अर्ध्यावर सुटली आणि पोर कामासाठी मुंबईत आलं. विजेच्या कामाच्या कंपनीत नोकरी करत ते तंत्र शिकले. ‘पुंडलिक’नंतर नोकरीतच कराचीला बदली झाली. तिथे बाबूराव पै भेटले आणि दोघांनी परदेशी चित्रपट दाखवायला सुरुवात केली. मग परत मुंबई आणि मूव्ही कॅमेरा कंपनी, म्हणजे चित्रपटाची यंत्रसामग्री आणून विकण्याचा धंदा. मधल्या काळात ‘नीरा’ (१९२६), ‘सिंदबाद खलाशी’ (१९३०) असे मूकपट दिग्दर्शित केले. आणि तेवढ्यात सिनेमा बोलू लागला.

‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी लागला तोही गिरगावात, मॅजेस्टिकमध्ये. साहित्यवाल्यांना मॅजेस्टिक म्हटलं की पुस्तकं आठवतात, पण ते नाव आलं या सिनेमागृहावरून. बोलपट म्हणजे मूकपटाला आवाज चिकटवणं नव्हे. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालायचं. आवाज आला की मोटर लागते, सेकंदाला चोवीस चौकटींचा वेग ढळता कामा नये, नाहीतर माणसाचा आवाज किरटा किंवा घोगरा होतो. कॅमेऱ्याची घरघर दाबावी लागते, मायक्रोफोन लपवावा लागतो, स्टुडिओ नव्याने बांधावा लागतो. एका रात्रीत सगळी जुनी यंत्रं भंगारात गेली. अशा वेळी ऑडिओ-कॅमेक्स हे अमेरिकन ध्वनिमुद्रण यंत्र इथे आणून विकणारे होते तोरणे. यंत्राच्या व्यापाऱ्याचं नाव कुठल्याच श्रेयनामावलीत येत नाही. पण त्या दोनतीन वर्षांत कोण बोलपट काढणार आणि कोण घरी बसणार, हे बऱ्याच अंशी यंत्र कोणाला मिळतं यावर ठरत होतं.

नुसती विक्री करून ते थांबले नाहीत. पुण्यात सरस्वती सिनेटोन काढली. तिचा पहिला चित्रपट ‘श्यामसुंदर’ (१९३२). दिग्दर्शक भालजी पेंढारकर, कृष्ण झाला शाहू मोडक हा नगरच्या ख्रिस्ती घरातला मुलगा, आणि सोबत शांता आपटे. दोघांचाही हा पहिला चित्रपट. मुंबईच्या वेस्ट एंडमध्ये तो पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. पुढच्याच वर्षी ‘औट घटकेचा राजा’मध्ये मोडकांनी दुहेरी भूमिका केली. भारतातली पहिली, असं म्हणतात, पण त्या शब्दाचा कंटाळा आल्यामुळे मी तो मुद्दा सोडून देतो. चाळीसच्या दशकात तब्येत ढासळली, स्टुडिओ बंद पडला. १९ जानेवारी १९६० रोजी तोरणे गेले.

आता ही कारकीर्द फाळक्यांच्या शेजारी ठेवा. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ १९३२चा, मूकपट म्हणूनच काढलेला, नंतर त्याला आवाज जोडावा लागला. पहिल्यापासून बोलपट म्हणून काढलेला त्यांचा चित्रपट एकच, कोल्हापूरचा ‘गंगावतरण’ (१९३७), आणि तिथे त्यांची कारकीर्द संपली. म्हणजे फाळक्यांचं युग जिथे मावळलं तिथे तोरण्यांचं उमेदीचं काम सुरू झालं. दोघांची तुलना करायचीच असेल तर ती १९१२-१३ची नको, १९३१-३२ची करा. तिथे तोरणे कोणाच्या ‘आधी’ किंवा ‘नंतर’ नाहीत, स्वतःच्या जागी आहेत.

‘पण हे दुकानदाराचं काम झालं, कलावंताचं नाही,’ असं यावर ऐकायला मिळेल. हाच खरा रोग आहे. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडेही ॲप काढणाऱ्याचे फोटो छापून येतात आणि ज्या अवजारांवर ते ॲप उभं असतं ती बनवणारा, टिकवणारा माणूस कोणालाच ठाऊक नसतो. पण निदान आमच्या धंद्यातल्या लोकांना मनातून माहीत असतं की अवजार मोडलं तर सगळंच बसतं. मराठी सिनेमाचा इतिहास लिहिणारे मात्र दिग्दर्शक, नट आणि सुवर्णपदकं यांच्या याद्या करतात. वीज कोणी ओढली, यंत्र कोणी आणलं, थिएटर कोणाचं होतं, उधारी कोणाची होती, हे त्यांच्या लेखी तळटीप. तोरणे या यादीत शिरतात ते फक्त ‘पहिला दिग्दर्शक’ म्हणून, कारण दुसऱ्या कुठल्या कामासाठी यादीत रकानाच नाही. त्यांच्या कैवाऱ्यांनी तो रकाना मागायला हवा होता. त्यांनी फाळक्यांची खुर्ची मागितली.

आणि ‘जनक’ ही पदवी घेऊन करायचं काय? एकदा बाप ठरला की मुलांना शोध घ्यायची गरज उरत नाही. जयंती-पुण्यतिथी केली की झालं. मूकपटांतले फारच थोडे आज शिल्लक आहेत. मॅजेस्टिक पाडून तिथे दुकानांची इमारत उभी राहिली. उरले असतील तर ते कागद: यंत्रांच्या याद्या, थिएटरची पत्रकं, स्टुडिओच्या हिशेबाच्या वह्या, जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती. ते जमवायला कोर्टात जावं लागत नाही, पण एखाद्या विद्यापीठाला, एखाद्या संग्रहालयाला पैसे आणि माणूस द्यावा लागतो. शंभर वर्षांच्या सोहळ्यांपेक्षा त्याला खर्च कमी येईल.

पुढच्या १८ मेला कोणी पुन्हा ‘पहिला कोण’ म्हणून विचारलं तर एवढंच विचारा, की १९३२च्या ‘श्यामसुंदर’बद्दल तुम्हाला काय माहीत आहे? उत्तर आलं नाही, तर समोरचा तोरण्यांच्या बाजूचा असो नाहीतर फाळक्यांच्या, त्याला तोरण्यांशी काही देणंघेणं नाही असं खुशाल समजा.