‘शंकुल’नंतरची तेवीस वर्षे

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सुरत’ ही विनाशिका, ‘निलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी अशा तीन युद्धनौका एकाच समारंभात नौदलाच्या सेवेत रुजू झाल्या, आणि तिन्हींची बांधणी माझगाव डॉकमध्येच झालेली असल्यामुळे त्या दिवशी मुंबईकराला थोडा अभिमान वाटला असेल तर त्यात वावगे काहीच नाही. परंतु एकाच गोदीतून बाहेर पडलेल्या या तीन नौकांची वंशावळ एकसारखी नाही. पहिल्या दोघींमागे अर्धशतकाची अखंड परंपरा उभी आहे. तिसरीच्या मागे मात्र एक मोठे भगदाड आहे, आणि ते शत्रूने पाडलेले नसून आपल्याच राज्यकारभाराने पाडलेले आहे.

पृष्ठभागावरील युद्धनौकांची हकीकत प्रथम पाहू. १९६० मध्ये सरकारने ही गोदी ताब्यात घेतली तेव्हा तिला युद्धनौका बांधण्याचा म्हणण्यासारखा अनुभव नव्हता. ब्रिटिशांच्या लिअँडर जातीच्या नौकेचा आराखडा घेऊन तिने पहिली ‘निलगिरी’ बांधली. ती १९७२ मध्ये सेवेत आली. त्याच जातीच्या आणखी पाच नौका बांधता बांधता कारागिरांचा हात बसला आणि आरेखकांची भीड चेपली, म्हणूनच १९८३ मध्ये नौदलाच्या स्वतःच्या आरेखन विभागाने रेखलेली ‘गोदावरी’ याच गोदीतून निघू शकली. तिच्यामागून १९९७ मध्ये ‘दिल्ली’, २०१४ मध्ये ‘कोलकाता’ आणि २०२१ मध्ये ‘विशाखापट्टणम’ आली. या वाटचालीत दिरंगाई झाली नाही किंवा खर्च फुगला नाही असे कोणी म्हणणार नाही. महालेखापालांच्या अहवालांतून त्याबद्दलचे ताशेरे वेळोवेळी आलेले आहेत. पण एक नौका पाण्यात उतरते न उतरते तोच दुसरीचे पोलाद कापावयास घेतले जात असे, आणि वडीलधाऱ्या जोडाऱ्याच्या हाताखाली तयार झालेला पोरगा पुढच्या नौकेवर मुकादम होत असे. विद्या अशीच मुरत जाते. करारनाम्यात तंत्रज्ञानाच्या हस्तांतरणाचे कलम कितीही काळजीपूर्वक लिहिलेले असले, तरी ते हस्तांतरण कोणाच्या हाती व्हावयाचे तो हातच रिकामा बसला, तर कलम कागदावरच राहते.

पाणबुडीची कथा याच्या अगदी उलट आहे. १९६७ मध्ये सोव्हिएत रशियाकडून आलेल्या ‘कलवरी’ने आपल्या पाणबुडी दलाचा प्रारंभ झाला, आणि पुढे १९८१ च्या अखेरीस पश्चिम जर्मनीतील एचडीडब्ल्यू या कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला, ज्यान्वये दोन कील बंदरात व दोन माझगावात बांधावयाच्या होत्या. पाण्याचा प्रचंड दाब सोसणारे पाणबुडीचे आतले कवच जोडणे ही जहाजबांधणीतील अतिशय कठीण कारागिरी समजली जाते. तेथील प्रत्येक सांधा क्ष-किरणांखाली तपासला जातो आणि डोळ्यांना न दिसणारी फटही खोल समुद्रात सगळ्या खलाशांच्या प्राणांवर बेतू शकते. ही विद्या आपल्या माणसांनी जर्मनीत जाऊन शिकून घेतली आणि मुंबईला परत येऊन हातांनी सिद्ध करून दाखविली. १९९२ मध्ये ‘शल्की’ आणि १९९४ मध्ये ‘शंकुल’ या माझगावच्या दोन पाणबुड्या नौदलात दाखल झाल्या.

पण तोपर्यंत हे काम आतून संपुष्टात आलेलेच होते. आणखी दोन पाणबुड्या घेण्याचे घाटत असताना किमतीची घासाघीस चालू झाली, आणि व्यवहारात सात टक्के दलाली अंतर्भूत असल्यामुळे भाव उतरविता येत नाही, अशा आशयाची तार आपल्या बॉन येथील वकिलातीतून दिल्लीस आली. विश्वनाथ प्रताप सिंग यांनी संरक्षणमंत्री या नात्याने एप्रिल १९८७ मध्ये चौकशीचा हुकूम दिला, काही दिवसांतच मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि त्याच महिन्यात स्वीडिश रेडिओने बोफोर्सचा गौप्यस्फोट केल्यामुळे सारे राजकारण ढवळून निघाले. चौकशीचा हुकूम देण्यात सिंग यांची चूक झाली असे मला वाटत नाही. तशी तार हाती पडल्यावर प्रामाणिक मंत्र्याने दुसरे काय करावयाचे? चूक झाली ती पुढे. तपास वर्षानुवर्षे रेंगाळला, कोणाचाही गुन्हा शाबीत न होता प्रकरण दप्तरदाखल झाले, आणि आणखी पाणबुड्या बांधण्याचा विचार मात्र पहिल्याच धक्क्याला सोडून देण्यात आला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. ज्यांनी दलाली खाल्ली असेल ते मोकळे राहिले आणि सजा भोगली ती माझगावच्या कारखान्याने, जेथील शिकलेसवरलेले कारागीर हाताला ते काम नसल्यामुळे अन्य खात्यांत पांगले, कित्येक निवृत्त झाले.

नौदलाची गरज तर थांबलेली नव्हती. ती भागविण्यासाठी रशियाकडून सिंधुघोष जातीच्या तयार पाणबुड्या आल्या. त्यांतली दहावी २००० मध्ये दाखल झाली. म्हणजे पैसा खर्च व्हावयाचा तो झालाच. मग ऑक्टोबर २००५ मध्ये फ्रेंच आराखड्याच्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला आणि माझगावाला मुळाक्षरांपासून पुन्हा आरंभ करावा लागला. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये मिळावयाची होती. ‘कलवरी’ हेच जुने नाव धारण करून ती सेवेत आली डिसेंबर २०१७ मध्ये. ‘शंकुल’ आणि ही ‘कलवरी’ यांच्यामध्ये तेवीस वर्षे गेली. त्या तेवीस वर्षांची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात मांडलेली आढळणार नाही, कारण न घेतलेल्या निर्णयाला आपल्याकडे लेखाशीर्ष नाही.

याच मासल्याची दुसरी गोष्ट त्या पाणबुड्यांच्या शस्त्राची. स्कॉर्पीनसाठी इटलीचे ‘ब्लॅक शार्क’ पाणतीर निवडण्यात आले होते. परंतु ते बनविणारी कंपनी ऑगस्टा-वेस्टलँड हेलिकॉप्टर प्रकरणात सापडलेल्या उद्योगसमूहातलीच निघाली, आणि अतिविशिष्ट व्यक्तींच्या हेलिकॉप्टरांत झालेल्या कथित लाचखोरीचे प्रायश्चित्त पाणबुडीला घ्यावे लागले. पाणतिरांची खरेदी रद्द झाली, आणि अत्याधुनिक म्हणून गौरविलेल्या नौका जुन्याच पाणतिरांवर समुद्रात उतरल्या. त्या उद्योगसमूहावरील बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली.

यावर आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे. स्वातंत्र्याला वर्ष होते न होते तोच १९४८ च्या जीप प्रकरणाने आपल्या लष्करी खरेदीला जो डाग लागला, तो आजवर पुसला गेलेला नाही. मग व्यवहार तोडण्याचा धाकही न राहिला, तर दलालांना रान मोकळे नाही का? आक्षेप खोटा नाही. पण धाक बसतो तो शिक्षेच्या निश्चितीने, आणि आपल्याकडे नेमकी तीच नाही. व्यवहार तोडण्याने मंत्र्याची अब्रू वाचते, सचिव सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पुढच्या फाईलवर सही करावयास कोणाचाच हात उठत नाही, कारण सही न केल्याबद्दल आजवर कोणाची चौकशी झालेली ऐकिवात नाही. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना नोव्हेंबर २०१६ मध्ये यासंबंधी नवी नियमावली निघाली आणि सरसकट बंदीऐवजी अपराधाच्या मानाने दंड, तात्पुरती स्थगिती किंवा बंदी असा तारतम्याचा मार्ग खुला झाला. पर्रीकरांच्या कारकिर्दीतील इतर गोष्टींबद्दल मतभेद असू शकतील, परंतु हा विवेक त्यांच्या खात्याने दाखविला हे मान्य करावयास हवे.

त्या विवेकाची परीक्षा आता जवळ आली आहे. ‘वाघशीर’ बाहेर पडल्यावर माझगावाची पाणबुडीची ओळ पुन्हा रिकामी झाली. पुढच्या सहा पाणबुड्यांची निविदा २०२१ मध्ये निघाली, आणि २०२५ मध्ये माझगाव डॉकला ज्या जर्मन भागीदारासह वाटाघाटी सुरू करण्याची परवानगी मिळाली तो थिसेनक्रुप समूह म्हणजे त्याच एचडीडब्ल्यूचा वारस आहे. १९८७ मध्ये ज्या घराकडे आपण पाठ फिरविली, त्याच्याच दाराशी सुमारे चार दशकांनी पुन्हा जावे लागले. या मधल्या काळात अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेने पाणबुडीला अधिक काळ पाण्याखाली ठेवणारी इंधनघटाची यंत्रणा स्वबळावर विकसित केली आहे, तेव्हा आपण अगदीच रिकाम्या हातांनी जात नाही हेही नमूद केले पाहिजे.

म्हणून या सौद्यात किमतीइतकाच आग्रह दोन गोष्टींसाठी धरावा. सहावी पाणबुडी गोदीत असतानाच सातवीचे पोलाद कापले जाईल अशी तजवीज आजच व्हावी, मग ती सातवी याच आराखड्याची असो वा आपल्या. आणि उद्या एखादी तार, एखादे निनावी पत्र आलेच, तर तपास किती मुदतीत पुरा करावयाचा, कंपनीला दंड किती, आणि त्या अवधीत बांधणीचे काम कोणाच्या देखरेखीखाली चालू ठेवावयाचे, हे करारनाम्यावर सही होण्यापूर्वीच लिहून ठेवावे. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने मंत्रालयाकडून दरवर्षी आणखी एक तक्ता मागून घ्यावा: कोणती खरेदी स्थगित आहे, कोणत्या कारणाने, कोणाच्या आदेशाने, आणि तोवर नौदल कोणत्या जुन्या शस्त्रावर दिवस काढीत आहे.