अंगठा आणि आकलन

औषधाच्या चाचणीसाठीं रोग्याची संमति घेणें म्हणजे कागदावर त्याची सही किंवा अंगठा घेणें, हा समज आमच्या वैद्यकव्यवसायांत इतका रूढ आहे कीं, त्याविरुद्ध बोलणारा व्यवहारशून्य ठरतो. तो आरोप आम्ही खुशाल पत्करतों.

२००९ सालीं त्या वेळच्या आंध्र प्रदेशांतील खम्मम जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस दहा ते चौदा वर्षांच्या मुलींस अभ्यासाकरितां टोचण्यांत आली. आश्रमशाळांतील कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर सह्या होत्या त्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या अथवा मुख्याध्यापकांच्या! आईबाप राहिले दूर. २०१० सालीं सरकारनें हें काम थांबविलें; २०१३ सालीं संसदीय समितीनें त्यावर कडक ताशेरे ओढले.

पुढें २०१९ च्या नियमांनीं, असहाय स्थितींतील माणसांवर सर्वस्वीं नवें औषध तपासावयाचें असल्यास संमतीचें ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचें ठेविलें. नियम चांगला आहे. परंतु ज्यास समजावून सांगतां येत नाहीं, त्याच्यापुढें कॅमेरा ठेविल्यानें तें येऊं लागत नाहीं. ‘यादृच्छिक गटविभागणी’ हे शब्द आमच्या बी. ए. च्या वर्गांतहि निम्म्यांस कळावयाचे नाहींत. ते रोग्यापुढें वाचून दाखवून काय होणार? ‘नवें औषध मिळेल कीं जुनें, हें मी ठरविणार नाहीं, चिठ्ठी टाकावी तसें तें ठरेल, आणि काय निघालें हें तुम्हांला कळणार नाहीं, मलाहि नाहीं,’ एवढें बोलावयास कोणती विद्वत्ता लागते? पण हें बोलणें डॉक्टरांस जड जातें, कारण आपलें अज्ञान रोग्यापुढें कबूल करावें लागतें. डॉक्टर करतो तें सर्व आपल्याच भल्याचें, ही रोग्याची समजूत चाचणींतहि सुटत नाहीं, असें ॲपेलबॉम व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंत १९८२ सालींच दाखविलें.

अडाण्यास काय कळणार, असें कोणी म्हणतील. बटाईचा करार तोंडीं ठरवून वर्षभर पाळणाऱ्या शेतकऱ्यास दोन औषधांची गोष्ट कळत नसेल, तर दोष सांगणाऱ्याचा आहे.

२०१९ पासून एम. बी. बी. एस. च्या अभ्यासक्रमांत संभाषणाचें शिक्षण आलें, हें खरें. परंतु आज चाचण्या चालविणारे बहुतेक डॉक्टर त्यापूर्वींच पदवी घेऊन बसले आहेत. नियमांचीं व्याख्यानें ऐकून त्यांची जीभ वळणार नाहीं. त्यांनीं अनुभवी परीक्षकासमोर खऱ्या रोग्यास चाचणी समजावून द्यावी, रोग्याकडून ती त्याच्या शब्दांत वदवून घ्यावी. आणि ‘नको म्हणालांत तरी उपचार चालूच राहतील,’ हें त्यास खरें वाटेल असें सांगावें. हें ज्यास साधत नाहीं, त्यास संमतिपत्राला हात लावूं देऊं नये.