काचेच्या टाकीतला उतार

धर्माबादजवळ बाभळीला गोदावरीवर बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार त्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. नदी मोकळी झाली की गोटीव वाळू कशी सरकते, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. घरातल्या मत्स्यालयातही हाच पेच असतो. पुढे तीन सेंटिमीटर आणि मागे दहा असा वाळूचा थर दिला की छोटी टाकीसुद्धा खोल दिसते, पण काही आठवड्यांत तो उतार सपाट होतो. कोरडी वाळू साधारण तीस-चौतीस अंशांपर्यंत उभी राहते. पाण्यात मात्र फिल्टरचा प्रवाह आणि तळ उकरणारे मासे तिला सतत खाली ढकलतात. गोल्डफिश तर उतार ठेवतच नाही! म्हणून आपल्याकडे शेतात उताराला जसे आडवे बांध घालतात, तसेच टाकीतही घालावेत: काळ्या दगडाचे तुकडे अर्धे पुरून, एकमेकांना टेकवून, दोन-तीन पायऱ्यांत. मागच्या उंच भागात खाली जाळीच्या पिशव्यांत धुतलेली खडी भरावी, वर वाळू. माझ्या मते कोनदार कणांची खडी गोटीव वाळूपेक्षा केव्हाही बरी, कारण तिचे कण एकमेकांत अडकतात. दगडावर लिंबू पिळून फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाण्याचा जडपणा वाढवतो. असा दगड टाकीत नकोच. शेवटी मागे व्हॅलिसनेरिया लावावी, तिची मुळं आणि धावती खोडं वाळू धरून ठेवतात, आणि वाळूवर बशी ठेवून तिच्यावर पाणी हळूहळू सोडावं.