आम्लपित्ताची गोळी आणि तिसरी पाळी

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात यंत्रे रात्रंदिवस चालतात आणि त्यांच्या वेळापत्रकाशी माणसाच्या जठराने जुळवून घ्यावे, अशी अपेक्षा असते. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात तिसरी; जेवण कधी मध्यरात्री, तर कधी नुसता चहा आणि वडापाव. छातीत जळजळू लागले की दुकानातून पँटोप्राझोलची पत्री आणावी, हा आता परिपाठच झाला आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध विकू नये, असे पत्रीवरच छापलेले असते. परिपत्रकातील स्वल्पविरामावर वाद घालणारा आमचा सुशिक्षित वर्गही तेवढी ओळ वाचत नाही!

जठरव्रणाच्या रुग्णांवर या औषधांचे उपकार मोठे आहेत. प्रश्न आहे तो मुदतीचा. अमेरिकेत चिठ्ठीविना मिळणाऱ्या ओमेप्राझोलच्या वेष्टनावर 14 दिवसांची मर्यादा छापलेली असते. आपल्याकडे वर्षानुवर्षे गोळी चालू राहते, आणि त्यामागे शरीराचाच एक चकवा आहे. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी थांबवली, तर जठर काही काळ पूर्वीपेक्षा अधिक आम्ल स्रवते. दुखणे उलटले असे समजून माणूस नवी पत्री फोडतो. असे लांबलेले सेवन ब-12 जीवनसत्त्व व मॅग्नेशियम घटवू शकते, हाडे मोडण्याचा धोका वाढवू शकते, क्वचित मूत्रपिंडालाही इजा करते. शाकाहारी घरांत ब-12 मुळातच कमी असते, हे ध्यानात ठेवलेले बरे. मात्र व्रणामुळे किंवा हृदयविकारावरील ॲस्पिरिनसोबत डॉक्टरांनीच गोळी दिली असेल, तर ती परस्पर बंद करू नये.

ही गोळी सामान्यतः जेवणाआधी अर्धा तास घ्यावयाची असते, कारण जठरातील आम्लनिर्मिती अन्नाबरोबर जागी होते. रात्रपाळीच्या कामगाराने ‘सकाळी उपाशीपोटी’ घेऊन लगेच झोपावे, यात काय हशील? साध्या आम्लशामक पातळ औषधांचेही पथ्य आहे: लोहाच्या किंवा काही प्रतिजैविकांच्या गोळ्या त्यांच्यासोबत घेतल्यास त्या नीट शोषल्याच जात नाहीत. रॅनिटिडिनची कथा तर ताजीच आहे. 2019 साली त्यात कर्करोगाचा संशय असलेली अशुद्धी सापडली, एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढावयास लावले आणि 2022 साली भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते वगळले गेले.

याहून मोठी भीती चुकीच्या निदानाची आहे. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असताना ‘पित्त झाले’ म्हणून गोळी घेऊन यंत्रावर उभा राहणारा माणूस हृदयविकाराची मोलाची पहिली घटका गमावतो. काळे शौच, गिळताना अडथळा, अकारण घटणारे वजन या खुणाही गोळीने झाकण्याच्या नव्हेत.

कारखान्यांच्या आरोग्यकेंद्रांनी आणि चिंचवडच्या मोहननगरातील कामगार विमा रुग्णालयाने दोन प्रश्न प्रत्येकाच्या नोंदपत्रावर लिहून घेण्यास आजच आरंभ करावा: ही गोळी किती दिवसांपासून चालू आहे, आणि ती कोणी सुरू केली?